गाडीचा पार्ट बदलायचाय: कंपनीचा घ्यावा की बाहेरचा?

गाडी वर उचललेली असते, चाक काढून बाजूला ठेवलेलं असतं आणि मेकॅनिक विचारतो, "ओरिजिनल टाकू की बाहेरचा?" नव्या गाडीमालकाची इथेच पंचाईत होते. ओरिजिनल म्हणावं तर खिशाला चाट, बाहेरचा म्हणावं तर पुढचे कित्येक दिवस मनात धाकधूक. मग कोणी सवयीने दर वेळी महागडं खोकं घेतो, कोणी दर वेळी स्वस्तातलं. दोघांचेही पैसे कुठे ना कुठे वाया जातात, कारण केबिन फिल्टर आणि ब्रेक पॅड यांना एकच नियम लावता येत नाही. निर्णय पार्टगणिक वेगळा घ्यावा लागतो. तो कसा घ्यायचा ते क्रमाने पाहू.

पायरी १: समोर ठेवलेला माल कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

गाडी बनवणारी कंपनी गाडीतले बहुतेक पार्ट स्वतः बनवत नाही. स्पार्क प्लग एनजीके किंवा डेन्सोकडून येतात, क्लच लूक, साक्स किंवा व्हॅलिओकडून, बेअरिंग एसकेएफसारख्या कंपनीकडून, फिल्टर मान किंवा माहलेकडून. पुरवठादार गाडीगणिक बदलतात, पण पद्धत सगळीकडे हीच.

त्यामुळे दुकानात एकाच कामासाठी वेगवेगळा माल मिळतो. गाडीच्या कंपनीच्या खोक्यात येतो तो जेन्युइन. तोच पार्ट मूळ पुरवठादाराने स्वतःच्या नावाच्या खोक्यात विकला की त्याला ओईएम म्हणतात. साचा एकच असल्यामुळे अशा पार्टवर कधीकधी गाडीच्या कंपनीचा लोगो घासून काढलेली जागाही दिसते. तिसरा प्रकार आफ्टरमार्केट, म्हणजे ज्यांनी त्या गाडीला मूळ पार्ट कधी पुरवलाच नाही अशांचा माल. या एका नावाखाली उत्तम, बरा आणि टाकाऊ असं सगळंच येतं. याशिवाय रिकंडिशन केलेले आणि भंगारातल्या गाडीतून काढलेले पार्ट असतात. आणि दुसऱ्याचं नाव छापून विकलेला डुप्लिकेट माल असतो. ती सरळ फसवणूक आहे, तिच्याकडे शेवटी येऊ.

दुकानदार "ओईएम आहे" असं फार सहज म्हणतात. त्यावर एकच प्रतिप्रश्न करा: "बनवलाय कुणी?" कंपनीचं नाव सांगता आलं नाही तर तो ओईएम नाही. नाव ओळखीचं निघालं तरी लगेच हुरळून जाऊ नका. एकच नामांकित कंपनी गाडीवाल्यांना एका प्रतीचा माल देते आणि खुल्या बाजारासाठी स्वस्त मालिका वेगळी काढते, असंही होतं. खोक्यावर मालिकेचं नाव असतं, तेही वाचा.

पायरी २: पार्ट नंबर मिळवा, मगच दुकानात जा

मॉडेल आणि वर्ष एवढ्यावर पार्ट मागू नका. एकाच वर्षाच्या एकाच मॉडेलमध्ये इंजिनानुसार किंवा उत्पादनाच्या महिन्यानुसार ब्रेक डिस्कचा आकार बदललेला असतो. गाडीची खरी ओळख म्हणजे व्हीआयएन, म्हणजेच चॅसी नंबर. तो १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. म्हणून ओ दिसतोय असं वाटलं तर तो शून्य समजायचा. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, दाराच्या खांबावर किंवा नोंदणीच्या कागदांवर हा नंबर सापडतो.

व्हीआयएन दिला की सर्व्हिस सेंटरचा पार्ट काउंटर किंवा ऑनलाइन कॅटलॉग नेमका पार्ट नंबर सांगतो. तो जुना असेल तर कंपनीने त्याच्या जागी काढलेला नवा नंबरही तिथेच कळतो. मग आफ्टरमार्केट कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये तोच नंबर टाकून त्यांचा पर्यायी पार्ट शोधायचा. जुना पार्ट हातात घेऊन त्यावरचा नंबर वाचणंही उपयोगी पडतं, फक्त धातूत उठवलेला नंबर पुष्कळदा ओतकामाचा असतो, पार्टचा नसतो. छापलेला किंवा कोरलेला नंबर शोधा.

व्हीआयएन हाताशी आहेच, तर कंपनीच्या संकेतस्थळावर गाडीचा रिकॉलही, म्हणजे दोषामुळे कंपनीने ती परत बोलावली आहे का तेही, तपासून घ्या. ज्या पार्टसाठी तुम्ही पैसे मोजायला निघालात तो कंपनी फुकट बदलून देत असेल, तर पुढचं काही वाचायची गरजच नाही.

पायरी ३: तीन प्रश्न विचारा

पहिला: हा पार्ट चालत्या गाडीत निकामी झाला तर काय होईल? वायपर फाटला तर गैरसोय होईल, टायमिंग बेल्ट तुटला तर इंजिन जाईल, ब्रेक गेला तर जिवावर बेतेल.

दुसरा: तिथवर पोचायला मजुरी किती? नवखे लोक हाच प्रश्न विसरतात. क्लचचं रिलीज बेअरिंग तसं किरकोळ किमतीचं, पण ते बदलायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तिथे स्वस्त बेअरिंग घालणं म्हणजे तीच मजुरी पुन्हा भरायची तयारी ठेवणं. जिथे पार्टपेक्षा मजुरी जास्त, तिथे उपलब्ध असेल तो सगळ्यात चांगला पार्ट घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पाच मिनिटांत बदलणाऱ्या पार्टवर मात्र प्रयोग करायला हरकत नाही.

तिसरा: गाडी अजून किती वर्षं ठेवणार? वर्षभरात विकायची असेल तर चांगल्या आफ्टरमार्केट शॉक अॅब्सॉर्बरवर भागतं. हा प्रश्न ब्रेक, स्टिअरिंग आणि एअरबॅगला मात्र लावायचा नाही, कारण तुमच्यानंतरही त्या गाडीत कुणीतरी बसणारच आहे.

गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटीचं पुस्तक आधी वाचा. बाहेरचा पार्ट घातला की वॉरंटी संपली, असं सरसकट सांगितलं जातं. अमेरिकेत १९७५ सालच्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार, केवळ दुसऱ्या कंपनीचा पार्ट वापरला एवढ्या कारणावरून वॉरंटी नाकारता येत नाही. नुकसान त्या पार्टमुळेच झालं हे कंपनीला दाखवावं लागतं. युरोपीय संघाचे नियमही समतुल्य दर्जाच्या पार्टना जागा देतात. तुमच्या देशाचा नियम आणि पुस्तकातली अट जुळवून पाहा, आणि तोवर बिलं जपून ठेवा.

पायरी ४: पार्टगणिक निर्णय

*ब्रेक.* इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ आणि सगळ्यात जास्त भेसळ इथेच. चांगल्या आफ्टरमार्केट कंपनीचे ब्रेक पॅड घ्यायला घाबरायचं कारण नाही. ब्रेम्बो, टीआरडब्ल्यू, बॉश यांच्यासारख्या कंपन्यांना ब्रेकच्या कामाचा मोठा अनुभव आहे. पाहायचं ते पॅडच्या मागच्या पत्र्यावर. युरोपच्या आर ९० नियमानुसार बदली पॅडची ब्रेक लावण्याची ताकद मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असावी लागते, आणि मान्यता मिळालेल्या पॅडवर वर्तुळातलं ई हे अक्षर, शेजारी देशाचा क्रमांक (जर्मनीचा १, फ्रान्सचा २) आणि ९०आर असं असतं. ही खूण असेल तर निदान कुणीतरी चाचणी घेतली आहे एवढं कळतं.

काही पॅडच्या कडेला एफएफ, जीजी किंवा जीएफ अशी दोन अक्षरं असतात. पहिलं अक्षर साधारण तापमानाला घर्षण किती ते सांगतं, दुसरं पॅड तापल्यावर किती ते. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तापल्यावर पकड ढिली पडते, म्हणजे घाटउतारावर नेमकी हवी तेव्हाच. पण जास्त घर्षण म्हणजे जास्त चांगला पॅड, असंही समजू नका. पुढच्या आणि मागच्या चाकांचा तोल कंपनीने ठरवलेला असतो, आणि पॅड किती टिकेल किंवा किती किंचाळेल याबद्दल ही अक्षरं काहीच सांगत नाहीत. मूळ पॅडवर जी अक्षरं होती त्यांच्या जवळपास राहा.

पॅड नेहमी एका अॅक्सलच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे, आणि एकाच पेटीतले. नव्या पॅडबरोबर शिम (पॅडमागची पातळ पट्टी), क्लिपा आणि असेल तर झीज दाखवणारी तार येते का ते बघा. स्वस्त पेटीतून या बारीकसारीक वस्तूच गायब असतात. ब्रेकचा आवाज येतो म्हणून लोक पॅडच्या नावाने ओरडतात, आणि कारण निघतं न बदललेली क्लिप. डिस्कच्या बाबतीत कमीत कमी जाडी डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कोरलेली असते. जुनी डिस्क त्याहून पातळ झाली असेल तर तिच्यावर नवे पॅड चढवू नका.

*ऑइल आणि फिल्टर.* हवेचा आणि केबिनचा फिल्टर नामांकित आफ्टरमार्केट कंपनीचा बिनधास्त घ्या. मापात बसला आणि कडेचं रबर नीट दबलं की झालं. ऑइल फिल्टरला थोडं अधिक लक्ष हवं, कारण बाहेरून सारखे दिसणारे दोन डबे आतून वेगळे असतात. आत एक झडप असते, जी इंजिन बंद झाल्यावर ऑइल खाली वाहून जाऊ देत नाही. तिचं रबर लवकर कडक झालं की सकाळी गाडी सुरू करताना पहिले काही क्षण कोरडा खडखडाट ऐकू येतो. दुसरी बायपास झडप फिल्टर तुंबल्यावर उघडते, आणि ती किती दाबाला उघडावी हे इंजिनानुसार ठरतं. म्हणून "आटे जुळतात, बसतोय" एवढ्यावर फिल्टर घेऊ नये, कॅटलॉगमध्ये तुमच्या इंजिनाचं नाव हवं.

ऑइलच्या डब्यावर कंपनीचं नाव वाचण्याआधी मानक वाचा. गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० सारखा दाटपणाचा आकडा (व्हिस्कॉसिटी) आणि सोबत एपीआय, एसीईए (ऑइलचा दर्जा ठरवणाऱ्या संस्था) किंवा गाडीच्या कंपनीचं स्वतःचं मानक दिलेलं असतं, उदाहरणार्थ फोक्सवॅगनचं ५०४ ०० किंवा मर्सिडीजचं २२९.५१. डब्यावर "मान्यताप्राप्त" लिहिलंय की नुसतं "यासाठी योग्य", हा फरक मोठा आहे. पहिल्यात गाडीच्या कंपनीने ऑइल तपासून मान्य केलेलं असतं, दुसऱ्यात ऑइलवाला स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र देत असतो. मान्यता असेल तर गाडीच्या कंपनीचा शिक्का असलेलं महाग ऑइल घेण्यात काही हशील नाही.

कूलंट रंगावरून निवडू नका. रंग फक्त वरून मिसळलेला असतो आणि प्रत्येक कंपनी आपल्या मनाने रंग देते. ब्रेक ऑइलमध्ये डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ग्लायकॉलचे, तर डॉट ५ सिलिकॉनचं. आकड्याच्या जवळिकीवर जाऊन डॉट ४ मध्ये डॉट ५ ओतू नका.

*टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच.* मजुरीचा नियम इथे पुरेपूर लागू. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतात आणि हेड उघडावं लागतं. पूर्ण किट घ्या: बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, त्याला वाट देणारी आयडलर पुली, आणि पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर पंपही. गेट्स, कॉन्टिनेन्टल, डेको यांच्यासारख्या कंपनीचं किट जेन्युइनच्या तोडीचं असतं. चांगला बेल्ट आणि अनोळखी नावाचा टेन्शनर अशी खिचडी करू नका. टेन्शनरचं बेअरिंग जाम झालं तर उत्तम बेल्टही तुटतो. क्लचचंही तसंच: प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदम.

*सस्पेन्शन.* शॉक अॅब्सॉर्बर केवायबी, साक्स, बिल्स्टीन यांचे असले तर काळजी नाही, बदलताना जोडीने बदला. लिंक रॉड आणि बुश यांच्यात स्वस्त मालाचं रबर लवकर फाटतं, जीव जात नाही पण खडखड परत येते. बॉल जॉइंट आणि टाय रॉडचा शेवट मात्र स्टिअरिंगचा भाग आहे, तिथे अनोळखी नाव नको. चाकाच्या बेअरिंगमध्ये एक खुबी आहे: पुष्कळ गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय कडं असतं आणि एबीएसचा (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर ते वाचतो. ते कडं नसलेलं किंवा उलट्या बाजूने बसवलेलं बेअरिंग फिरतं व्यवस्थित, पण डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो आणि मेकॅनिक सेन्सर बदलत बसतो.

*सेन्सर आणि विजेची कामं.* माझा कल इथे जेन्युइनकडे किंवा मूळ पुरवठादाराच्या खोक्याकडे. हवेचं प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरची स्वस्त नक्कल जागेवर नीट बसते, प्लगही जुळतो, पण तिने मोजलेला आकडा किंचित चुकीचा असतो. इंजिन त्या आकड्यावर विश्वास ठेवून पेट्रोल सोडतं, आणि मग मायलेज का घसरलं याचा शोध महिनोन्महिने चालतो. ऑक्सिजन सेन्सर वायर कापून जोडायचा मिळतो तसा न घेता, तुमच्या गाडीच्या प्लगसकट येणारा घ्या. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या इंजिनाला एजीएम किंवा ईएफबी या खास जातीची बॅटरी लागते. एजीएमच्या जागी साधी बॅटरी घातली तर ती लवकर मरते. काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने गाडीच्या संगणकात करावी लागते, ती मेकॅनिक करणार का हे आधी विचारा.

अल्टरनेटर आणि स्टार्टर रिकंडिशन केलेले घ्यायला हरकत नाही, फक्त काम कारखान्यात झालेलं असावं आणि लेखी वॉरंटी असावी. यात जुना पार्ट परत दिल्यावर काही रक्कम परत मिळण्याची पद्धत असते, म्हणून जुना टाकून येऊ नका.

*बॉडी आणि काच.* आरसा, बंपरची जाळी, मडगार्डचं आतलं अस्तर आफ्टरमार्केट चालतं. बॉनेट आणि फेंडरमध्ये पत्र्याची जाडी, जस्ताचा थर आणि फटींची मापं यांत फरक पडतो. रंग लावायच्या आधी पार्ट नुसता बसवून पाहायला सांगा, रंगवलेला पार्ट कुणी परत घेत नाही. हेडलाइटच्या काचेवरही ईची किंवा तुमच्या देशातली मान्यतेची खूण पाहा, नाहीतर उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. पुढच्या काचेमागे लेन पाहणारा कॅमेरा असेल तर काच बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नेमकी जुळणी, पुन्हा करावं लागतं. त्याचा खर्च धरूनच काचेचे भाव तोलून पाहा.

*एअरबॅग आणि सीट बेल्ट.* नवं, जेन्युइन, अधिकृत काउंटरवरूनच. नक्कल एअरबॅग उघडत नाही किंवा उघडताना फुटते, आणि ते आधी तपासायचा कुठलाही मार्ग तुमच्या मेकॅनिककडे नाही. अर्थात जेन्युइन म्हणजे देव नव्हे. टकाटा कंपनीचे एअरबॅग नामांकित गाड्यांत कारखान्यातूनच बसवलेले होते. उष्णता आणि दमटपणाने त्यांतलं अमोनियम नायट्रेट बिघडलं, इन्फ्लेटर फुटून धातूचे तुकडे उडाले, माणसं दगावली, कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. वर रिकॉल तपासा म्हटलं ते याचसाठी.

पायरी ५: डुप्लिकेट ओळखा

नक्कल होते ती भराभर खपणाऱ्या मालाची: ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक पॅड, बेअरिंग. खोक्याचं सील उघडलेलं आहे का, छपाई फिकी आहे का, स्पेलिंग चुकलंय का ते पाहा. खोक्यावरचा नंबर आणि पार्टवरचा नंबर एकच हवा. जुना पार्ट सोबत असेल तर दोन्ही हातात धरा. वजनात ठळक फरक असेल, प्लगचे आटे खरखरीत असतील, बेअरिंगवरची अक्षरं पुसट असतील तर घेऊ नका. काही कंपन्या खोक्यावर कोड देतात, तो त्यांच्या अॅपवर तपासता येतो. एसकेएफचं असं अॅप आहे. आणि भाव बाजारापेक्षा निम्म्याने कमी असेल तर त्याचं कारण दुकानदाराला तोंडावर विचारा.

पार्ट बसवून झाल्यावर जेन्युइनचं रिकामं खोकं फाडून टाका. धडधाकट खोकी गोळा करून त्यांत नक्कल भरणारेही असतात.

पायरी ६: मेकॅनिकशी आधी बोला

काम सुरू होण्याआधी तीन गोष्टी ठरवा. पार्ट कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या नंबरचा, ते बिलावर लिहिलं जाईल. जुना पार्ट तुम्हाला दाखवला जाईल. आणि पार्ट लवकर गेला तर मजुरी कोण भरणार. हा तिसरा प्रश्न अवघड आहे, पण विचाराच. पार्टची वॉरंटी बहुधा पार्टपुरतीच असते. तुम्ही स्वतः आणलेला पार्ट बसवताना बरेच मेकॅनिक कामाची हमी देत नाहीत, आणि त्यात त्यांचं फारसं चुकतही नाही. म्हणून मजुरी मोठी असेल तिथे पार्ट त्यांच्याकडूनच घ्या, फक्त कंपनी तुम्ही ठरवा. थोडे पैसे जास्त जातात, पण गाडी परत आणावी लागली तर पार्ट खराब की बसवणं खराब, हा वाद घालायची वेळ तुमच्यावर येत नाही.

गाडी ताब्यात घेतल्यावर ब्रेक पॅड नवे असतील तर पहिले काही दिवस जोरात ब्रेक मारणं टाळा, पॅड आणि डिस्क एकमेकांना बसायला वेळ लागतो. गॅरेजमधून निघायच्या आधी मात्र ब्रेकचं पेडल दोन-तीनदा दाबून ते कडक लागतंय याची खात्री करा. काम झाल्याची तारीख, किलोमीटरचा आकडा, कंपनी आणि पार्ट नंबर फोनमध्ये लिहून ठेवा आणि बिलाचा फोटो काढा. थर्मल कागदावरची बिलं वॉरंटी संपायच्या आत कोरी होतात.